विश्लेषण : दुरुस्त झालेले छोटे विमान उडवण्यायोग्य आहे, हे ठरवते कोण?

नवी मुंबई विमानतळामुळे विमानांचा राबता उरणच्या शेजारी आला आहे. चर्चा मोठ्या प्रवासी विमानांचीच होते. पण या विमानतळावर खासगी छोट्या विमानांचीही सोय नियोजित आहे, आणि माझ्या मते जास्त काळजी करायला हवी ती अशा विमानाच्या दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणाची.

घाटकोपरला काय घडले होते?

२८ जून २०१८ रोजी जुहूहून उडालेले किंग एअर सी-९० हे दोन इंजिनांचे विमान दुपारी घाटकोपरच्या भरवस्तीत, बांधकाम सुरू असलेल्या इमारतीपाशी कोसळले. पूर्वी उत्तर प्रदेश सरकारकडे असलेले हे विमान दुरुस्तीनंतरच्या चाचणी उड्डाणावर होते. दोन वैमानिक, देखभालीचे काम पाहणारे दोघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी, असे पाच जण गेले. विमानातल्या चौघांना ही चाचणी आहे हे ठाऊक होते. पादचाऱ्याला कोणी विचारले नव्हते.

नुकसान डोळ्यांना दिसते का?

बरेचदा नाही. फिरता प्रोपेलर जमिनीला घासला तर वाकलेले पाते लगेच दिसते. पण तो झटका इंजिनातल्या क्रँकशाफ्टपर्यंत पोहोचलेला असतो. नुसते पाते बदलून भागत नाही, इंजिन उघडून तपासावे लागते. विमान जोरात आदळून उतरले तर पुढच्या चाकामागचा सांगाडा मुरडतो, इंजिन धरून ठेवणाऱ्या जोडांना बारीक तडे जातात. सैल झालेल्या रिव्हेटभोवती काळपट ओघळ येतो, पत्र्याला सुरकुती पडते. जाणकार आधी हेच शोधतो. त्याहून बारीक तड्यांसाठी रंगद्रव्य किंवा विद्युत प्रवाहाच्या चाचण्या असतात.

दुरुस्तीच चुकली तर? १९७८ मध्ये जपान एअरलाइन्सच्या एका जम्बो जेटची शेपटी ओसाकाला धावपट्टीवर घासली. दुरुस्तीत रिव्हेटच्या दोन ओळींचे काम एकाच ओळीवर आले. विमान सात वर्षे उडत राहिले आणि १२ ऑगस्ट १९८५ रोजी ५२० जणांना घेऊन गेले. विमान मोठे होते, पण पत्रा आणि रिव्हेट यांचा न्याय छोट्या विमानालाही तोच.

मग ‘उडवा’ असे कोण म्हणते?

आपल्याकडच्या १९३७ च्या विमान नियमांनुसार मोठे नुकसान होताच विमानाचे उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र निलंबित झाल्याचे मानले जाते. दुरुस्तीनंतर परवानाधारक अभियंता सही करतो, तेव्हाच विमान सेवेत परतते. नियम चांगला आहे. अडचण अशी, की हा अभियंता ज्यांच्याकडून पगार घेतो त्यांना विमान हँगरमध्ये उभे असल्याचा रोजचा खर्च दिसत असतो. त्याच्या प्रामाणिकपणावर शंका नाही, पण त्याला एकट्याला या दबावाखाली ठेवणे बरे नव्हे. मोठ्या दुरुस्तीनंतरचे पहिले उड्डाण कुठून, कोणत्या हवामानात आणि कोणत्या वस्तीवरून करायचे, हे मालक किंवा दुरुस्ती कंपनीने ठरवू नये. ते नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने ठरवावे.

उरणमध्ये ओएनजीसीचा प्रकल्प आहे, एलपीजीचा साठा आहे, वायू विद्युत केंद्र आहे. दुरुस्त झालेल्या विमानांची चाचणी नवी मुंबईवरून होणार का, आणि झाली तर कोणत्या मार्गाने, याचे लेखी उत्तर खासगी विमाने तिथे उभी राहण्याआधीच मागायला हवे.