ओट्याची उंची कोण ठरवणार?



घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्यानं केली त्याने राहत्या घराची दुरुस्ती काढलेली नसावी! नवं घर बांधताना निदान आपण दुसरीकडे राहत असतो. दुरुस्तीत मात्र एका खोलीत घमेली-थाप्या आणि दुसऱ्या खोलीत मुलांचे डबे, असा संसार महिना-दीड महिना रेटायचा असतो. दिवाळीचे पाहुणे गेले की "यंदा स्वयंपाकघराचं काय ते करून टाकू या" असं घरोघरी सुरू होतं. पुढे पावसाळ्याआधी उरकायचं म्हणून घाई होते आणि त्या घाईतच पैसे जातात. म्हणून आज जरा निवांतपणे या कामाविषयी बोलू या.

ठेकेदार मोजमापाला येतो तेव्हा दारातच विचारतो, "साहेब कधी भेटतील?" साहेब रविवारी भेटतात. दोघांचं अंगणात उभ्या उभ्या ठरतं आणि सोमवारी आपल्याला कळतं, की ओटा ३२ इंच होणार आहे. हा आकडा आला कुठून? ठेकेदाराच्या सवयीतून. पण पुढची वीस वर्षं त्या ओट्याशी उभं कोण राहणार आहे? कंबर कुणाची दुखणार आहे? तेव्हा पहिला नियम हा, की मापं घेताना तिथे काम करणारी बाई हजर हवी आणि तिचा शब्द शेवटचा हवा. यात यजमानांचा अपमान नाही. त्यांच्या कचेरीतल्या टेबलाची उंची आपण कुठे ठरवायला जातो?

ओट्याची उंची अशी काढा. घरात चपला वापरत असाल तर त्या घालून, नाही तर अनवाणी, ताठ उभ्या राहा. कोपर काटकोनात वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजा आणि त्यातून ४ इंच वजा करा. साधारण त्या उंचीवर चिरणं, मळणं, लाटणं खांदे न उचलता आणि पाठ न वाकवता होतं. खात्री करायची असेल तर टेबलावर वह्यांची चळत आणि पाट रचून तेवढी उंची करा आणि चार पोळ्या लाटून बघा. शरीर लगेच सांगतं. मात्र हे माप नव्या फरशीपासून धरायचं, बरं का. जुन्या फरशीवर नवी बसवली की जमीन इंचभर तरी वर येते. तेवढा ओटा बुटका होतो, दारंही खालून रंधावी लागतात. आधी विचारलं नाही तर त्या रंध्याचे पैसे वेगळे.

आता माणूस निवडण्याविषयी. निदान तिघांकडून भाव घ्यावेत आणि तिघांनाही एकच लेखी यादी द्यावी. एकाच्या भावात राडारोडा उचलणं धरलेलं असतं, दुसऱ्याच्या भावात नसतं, आणि आपण मात्र नुसते आकडे ताडून बघतो. त्याने केलेली दोन घरं बघा, त्यातलं एक निदान दोन पावसाळे काढलेलं असू द्या. नुसती चकचकीत फरशी बघून परतू नका. त्या घरच्या बाईंना बाजूला घेऊन तीन गोष्टी विचारा. ठरलेल्या दिवशी येत होता का? ठरल्यापेक्षा किती जास्त लागले? आणि मागाहून काही गळलं तेव्हा फोन उचलला का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत मोलाचं.

काम देण्याच्या पद्धतीही तीन. रोजंदारीवर दिलं तर काम लांबतं, म्हणून ते दोन-चार दिवसांच्या किरकोळ कामालाच बरं. मजुरी उक्ती ठरवून माल आपण आणायचा, ही दुसरी पद्धत. घरात कुणी लक्ष द्यायला असेल तर हीच मला बरी वाटते. मालासकट सगळं उक्तं दिलं तर डोक्याला ताप कमी, पण मग प्रत्येक वस्तूची कंपनी, जाडी आणि प्रत लिहून घ्यायला हवी. नुसतं "चांगल्यातला माल" लिहून चालत नाही. चांगल्यातला म्हणजे कुणाच्या मते?

माल आपण आणणार असू, तर थोडं गणित करावं लागेल. घाबरू नका, पाचवीचंच आहे. १० बाय ८ फुटांचं स्वयंपाकघर म्हणजे ८० चौरस फूट. २ बाय २ ची एक टाइल ४ चौरस फूट भरते, म्हणजे २० टाइल्स. कापाकापी आणि फुटतूट धरून दहा टक्के जास्त, म्हणजे २२. खोक्यात ४ येत असतील तर ६ खोकी घ्या आणि सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर व शेड नंबर एकच आहे ना, ते दुकानातच बघा. मागाहून आणलेल्या दोन टाइल्स रंगाने वेगळ्या दिसल्या की दरवेळी डोळ्यांत खुपतात. उरलेल्या दोन-चार जपून ठेवा, पुढे कधी पाइप दुरुस्तीला उपयोगी पडतात.

वाळू ब्रासवर येते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली ८ फूट लांब, ५ फूट रुंद आणि अडीच फूट उंच काठोकाठ भरलेली असेल, तरच ती १ ब्रास. टेप घेऊन उभ्या राहा, ड्रायव्हर हसला तर हसू दे. ओली वाळू फुगते आणि मापाला जास्त दिसते, हेही ध्यानात असू द्या. सिमेंटची गोणी ५० किलोची. तिच्यावर कोणत्या आठवड्यात भरली ते छापलेलं असतं. तीन महिन्यांहून जुनी घेऊ नका. घरी आणल्यावर फळ्यांवर, भिंतीपासून लांब ठेवा. आपल्या डाळ-तांदळासारखंच आहे, ओल लागली की संपलं.

आता पैशांची गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी भिशीचे आणि दोन बांगड्या मोडून आलेले पैसे जमवून न्हाणीघर आणि स्वयंपाकघर काढलं. "सिमेंट महागतंय, माल आत्ताच भरून ठेवू," असं म्हणून ठेकेदाराने पहिल्याच आठवड्यात जवळजवळ दोन तृतीयांश रक्कम उचलली. ओटा फोडला, न्हाणीची फरशी उखडली आणि तो गेला तो दुसऱ्या गावच्या मोठ्या कामावर. दोन महिने बाईंची शेगडी पडवीत आणि आंघोळी शेजाऱ्यांकडे. घरात वयात आलेली मुलगी. तिचे हाल तर सांगायला नकोत. बरं, तो माणूस चोर होता असंही नाही. आधीच्या कामावरच्या मजुरांची देणी त्याने यांच्या पैशांतून भागवली होती, एवढंच. या धंद्यात हे असं चालतं. आपण जास्तीची उचल देतो ती पुष्कळदा दुसऱ्याच कुणाच्या घरात मुरते. बाईंकडे लेखी काही नव्हतं, म्हणून बोलायलाही काही नव्हतं. शेवटी दुसरा गवंडी लावला, आणि त्याने आधीचं काम निस्तरायचे पैसे वेगळे घेतले.

म्हणून दुसरा नियम: पैसा कामाच्या मागून चालला पाहिजे, पुढे नव्हे. समजा मजुरी ६०,००० रुपये ठरली. तर विसार ६,०००, तोडफोड होऊन राडारोडा उचलल्यावर ९,०००, पाइप आणि वॉटरप्रूफिंग तपासून झाल्यावर १५,०००, ओटा, फरशी, टाइल्स झाल्यावर १८,०००, नळजोडणी आणि सफाईनंतर ६,०००, आणि शेवटचे ६,००० महिनाभर वापरून पाहिल्यावर. हे शेवटचे सहा हजारच त्याला आपल्या दारी परत आणतात! दर वेळी तारीख टाकून सही घ्यायची. मोबाईलवरून पैसे पाठवत असाल तर "तिसरा हप्ता" असं लिहून पाठवा.

करारपत्र म्हटलं की पुष्कळ जणी बिचकतात. वहीचं एक पान पुरतं. हवं तर हा मजकूर उतरवून घ्या:

"आज दिनांक ___ रोजी श्री. ___ यांनी आमच्या घरातील स्वयंपाकघर व न्हाणीघराचे काम सोबतच्या यादीप्रमाणे करण्याचे ठरले. मजुरी एकूण रु. ___. काम दि. ___ रोजी सुरू होऊन दि. ___ पर्यंत पूर्ण करायचे. पैसे वर ठरलेल्या टप्प्यांप्रमाणे. यादीबाहेरचे काम दोघांच्या सहीने भाव ठरल्याशिवाय करायचे नाही. राडारोडा उचलणे व साफसफाई ठेकेदाराकडे. गळती निघाल्यास एक वर्षापर्यंत विनामोबदला दुरुस्ती."

खाली दोघांच्या सह्या आणि एक साक्षीदार. "आमच्यावर विश्वास नाही का, ताई?" असं तो म्हणेलच. हसून सांगावं, "विश्वास आहे म्हणून तर काम देतोय. विसरायला नको म्हणून लिहितोय."

झाकलं जाणारं काम झाकण्याआधी बघा, हे तिसरं. फ्लॅट असेल तर त्याच्याही आधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या, आणि खांब-तुळयांना इंजिनिअरला विचारल्याशिवाय छिन्नी लावू देऊ नका. न्हाणीघराचं वॉटरप्रूफिंग झालं की टाइल्स बसवण्याआधी भोक बंद करून दोन दिवस पाणी साठवून ठेवायचं. खाली राहणाऱ्यांकडे जाऊन छत बघायचं. खाली कुणी नसेल तर लगतच्या भिंती हाताने चाचपायच्या. भिंतीत गाडलेले पाइपही नळ बंद ठेवून पाण्याच्या दाबाखाली तपासून घ्या. मग पाइप आणि वायरी दिसतायत तोवर टेप लावून फोटो काढा. उद्या खिळा ठोकताना तो फोटोच कामाला येईल. फरशीचा उतार बादलीभर पाणी ओतून बघावा. सगळं पाणी आपसूक जाळीकडे गेलं पाहिजे. न्हाणीत गुळगुळीत टाइल नको, खरखरीत घ्या. घरात वडीलधारी माणसं असतील तर भिंतीला धरायची दांडी आत्ताच बसवून टाका. विजेचं काम परवानाधारक वायरमनकडूनच, गीझरची लाइन वेगळी आणि अर्थिंग तपासून.

नवा गिलावा आणि कोबा निदान आठवडाभर ओला ठेवायला हवा. पीपीसी सिमेंट असेल तर दहा दिवस. पाणी मारायचं काम कुणाकडे, हेही ठरवून ठेवा. नाही तर तो म्हणतो ताई मारतील आणि ताई म्हणतात तो मारेल. भिंतीला मात्र तडे पडतात.

माणसांशी वागण्याविषयी दोन शब्द. सूचना घरातल्या एकाच माणसाने द्याव्यात आणि त्या मिस्त्रीला द्याव्यात. सासऱ्यांनी एक, आपण दुसरं आणि मुलाने तिसरं सांगितलं, तर तो चौथंच करतो. चूक दिसली तर त्याच दिवशी, पण त्याच्या माणसांदेखत पाणउतारा न करता सांगावी. चहा-पाणी द्यावं. बिगारी बायका असतात, त्यांच्या स्वच्छतागृहाची सोय पहिल्या दिवशीच दाखवून द्यावी. ते त्या तोंडाने मागत नाहीत. आणि एक चौकशी जरूर करा, की पुरुष बिगाऱ्याला काय रोज मिळतो आणि बाईला काय. सारख्या कामाला सारखा दाम हा कायदा १९७६ साली झाला आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते तत्त्व आहे. तरी बाईच्या हातावर कमी पैसे ठेवले जाताना पुष्कळदा दिसतं. घमेलं तेच, डोकं तेवढं वेगळं. रोजंदारीवर आपणच माणसं लावली असतील, तर तो फरक निदान आपल्या घरात होऊ देऊ नये.

इतकं करूनही फसवणूक झालीच तर रडत बसू नका. आधी काय राहिलं ते मुद्देवार लिहून मुदत द्या आणि ते पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती ठेवा. ठेका देऊन करून घेतलेलं काम ही ग्राहक म्हणून घेतलेली सेवा आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी आता २०१९ चा कायदा आहे. त्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करून माहितीही विचारता येते. पण तिथेही पहिला प्रश्न हाच येणार: लेखी काय आहे?

तेव्हा यंदा काम काढणार असाल तर सिमेंटच्या आधी एक शंभरपानी वही आणि एक टेप आणा. वहीच्या पहिल्या पानावर आपल्या कोपराचं माप लिहा. बाकीची यादी त्याखाली.

पुढच्या आठवड्यात वाळवणं. गव्हाचा चीक करणार असाल तर गहू आजच निवडून ठेवा.