नगररचना आणि न मोजलेली पावले

नगर म्हणजे केवळ रस्ते आणि इमारती नव्हेत. तेथे राहणारी, ये-जा करणारी माणसे हेच खरे नगर होय. इच्छापोरहून हजीऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी घटकाभर उभे राहिले, की याची प्रचीती येते. कारखान्यांकडे निघालेले कामगार, हिऱ्यांचे कारागीर, अवजड ट्रक आणि त्यांतून वाट काढणारी शाळकरी मुले! यांपैकी कोण, कोठून, केव्हा जातो हे कळल्यावाचून बस कोठे थांबवावी नि दिवा कोठे लावावा, हे ठरवावयाचे कसे?

आज हे ज्ञान स्मार्टफोन देऊ शकतो. अमेरिकेतील बोस्टन नगरीने २०१२ साली ‘स्ट्रीट बम्प’ नावाची योजना काढली. मोटारीतील फोनला बसलेला हादरा आणि त्याचे ठिकाण नोंदवून खड्डे हुडकावयाचे, ही त्यामागील कल्पना. परंतु जेथे फोन आणि मोटारी अधिक, तेथलेच खड्डे अधिक नोंदले जाणार, हा दोष जाणकारांनी दाखविला. म्हणून नगरपालिकेने ते साधन आधी सर्व भागांत फिरणाऱ्या आपल्या रस्ता-निरीक्षकांच्या हाती दिले.

हा धडा आपण गिरवावयास हवा. आमच्या घरची बोली कोंकणी, शाळेची भाषा मराठी आणि बाजाराची गुजराती. तेव्हा कोणत्याही मोजणीत कोण सुटतो, हा प्रश्न आम्हांस नेहमीच पडतो. ज्या घरी एकच फोन आहे, तो वडिलांबरोबर कामावर जातो. आईचे पाण्यासाठी, बाजारासाठी, दवाखान्यासाठी दिवसभर होणारे हेलपाटे मग कोणत्या नकाशावर उमटणार? फोन मुका राहिला, म्हणून तेथे माणूसच नाही असे मानणे हा अन्याय होय.

सुरतेने याचे उत्तर पूर्वीच दिले आहे. १९९४ च्या प्लेगनंतर, १९९५ साली आयुक्त झालेल्या श्री. एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना वातानुकूलित खोल्यांतून काढून रोज गल्लीबोळांत फिरावयास लावले. शहर स्वच्छ झाले ते त्या पायपिटीने. फोनने या पायपिटीस साहाय्य करावे; तिची जागा घेऊ नये.

आणखी एक अट आहे. आपण कोठे जातो, ही माहिती आपली आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आहे. म्हणून माहिती द्यावी ती नाव वगळून, आणि तिचा उपयोग विचारूनच.

विद्यार्थिमित्रांनो, या सुट्टीत एक वही घ्या. आपल्या गल्लीतील खड्डे, बंद दिवे आणि आई-आजीच्या रोजच्या वाटा तीत नोंदवा. फोनवाल्यांच्या नकाशाशेजारी तो नकाशा ठेवला, तरच नगराचे चित्र पुरे होईल.