आधार द्यायचा, पण किती?



या आठवड्यात कैरीच्या लोणच्याविषयी लिहायचं मी ठरवलं होतं. मोहरी फेसण्यापासून बरणीला दादरा बांधण्यापर्यंत सगळी टिपणं तयार होती. पण मंगळवारच्या टपालात एक पत्र आलं आणि लोणचं राहिलं बाजूला. पत्रच तसं आहे. तुमच्यापैकी पुष्कळजणींना ते आपल्याच घरातलं वाटेल.

लिहिणाऱ्या भगिनी एका तालुक्याच्या गावी राहतात. नाव-गाव अर्थातच देत नाही. त्यांचे धाकटे दीर दोन वर्षांपूर्वी अचानक गेले. मागे जाऊ आणि दोन शाळकरी मुलं. जाऊबाई कधी बँकेत गेलेल्या नाहीत, लाइटचं बिल कुठे भरतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं. तेव्हापासून या भगिनी आणि त्यांचे यजमान सगळं पाहतात. पेन्शनचे पैसे काढणं, मुलांची फी, घरपट्टी, गॅसचा नंबर, सगळं. पासबुक यांच्या कपाटात, कार्ड यजमानांच्या पाकिटात. जाऊबाईंनी फक्त सही करायची. परवा जाऊबाईंनी पासबुक पाहायला मागितलं. या सहज म्हणाल्या, ‘‘कशाला डोक्याला ताप करून घेतेस? आम्ही आहोत ना!’’ तर ती एवढी गरीब गाय, पण एकदम उसळली. ‘‘तुम्ही मला पांगळी करून ठेवलीत,’’ म्हणाली. बोलणं बंद झाल्याला आता तीन आठवडे झाले. ‘‘दोन वर्षं राब राब राबले, त्याचं हे फळ? माझं काय चुकलं ते तुम्हीच सांगा,’’ असं पत्राच्या शेवटी लिहिलं आहे.

ताई, तुमचं पत्र वाचताना मला माझीच एक फजिती आठवली. ती सांगते, म्हणजे मी तुम्हाला उपदेश करायला बसले आहे असं वाटणार नाही.

माझा मुलगा नोकरीनिमित्त जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात असतो. नातू तीन वर्षांचा असताना मी तिकडे तीन महिने राहून आले. तिकडे गावोगावी व्यायामाची मंडळं आहेत. त्यांना ‘टुर्नफेराइन’ म्हणतात. आठवड्यातून एकदा तिथे लहान मुलं आणि त्यांच्या आया किंवा बाबा असा एकत्र वर्ग भरतो. एकदा सूनबाईंबरोबर मीही गेले. एक लांब लाकडी बाक उलटा करून ठेवला होता. त्याच्या खालच्या अरुंद पट्टीवरून मुलांनी तोल सांभाळत चालायचं. आमचे चिरंजीव चढले मात्र, माझ्या पोटात गोळा आला. मी धावत जाऊन त्याचे दोन्ही हात धरले आणि जवळजवळ उचलूनच त्याला या टोकाकडून त्या टोकाला नेलं. वर टाळ्याही वाजवल्या!

वर्गाच्या बाई हसत आल्या. त्यांनी मला पुढून काढून बाजूला उभं केलं. माझा हात त्याच्या दंडाजवळ आणून ठेवला, पण धरू दिला नाही. सुनेकडे पाहून एकच शब्द म्हणाल्या, ‘‘हिल्फेश्टेलुंग.’’ सूनबाईंनी मला समजावलं, ‘‘आई, हात जवळ ठेवा. त्याला हवा असेल तेव्हा तो धरेल.’’ आणि खरंच, चार पावलं गेल्यावर त्याचा तोल गेला. त्यानं आपणहून माझा हात पकडला, सावरला आणि सोडून दिला. शेवटी खाली उडी मारून माझ्याकडे असं काही पाहिलं की काय सांगू! मघाच्या टाळ्यांना त्यानं ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

त्या रात्री मी तो शब्द सुनेकडून नीट समजून घेतला. ‘हिल्फे’ म्हणजे मदत आणि ‘श्टेलुंग’ म्हणजे उभं राहण्याची जागा, पवित्रा. मदतीसाठी घेतलेला पवित्रा. मुळात हा व्यायामशाळेतला शब्द. ज्याला आपण सिंगल बार, डबल बार म्हणतो तसला व्यायाम जर्मनीत फ्रीडरिश लुडविग यान नावाच्या गृहस्थानं रुजवला. त्यानं 1811 साली बर्लिनजवळ हाझेनहायडे इथे उघड्यावर व्यायामाचं मैदान सुरू केलं आणि 1816 मध्ये एका सहकाऱ्याबरोबर या व्यायामावर पुस्तकही लिहिलं. पुढे राजकीय संशयावरून प्रशियाच्या सरकारनं या मैदानांवर बंदी घातली. ती 1842 पर्यंत होती. पण व्यायाम टिकला आणि शाळाशाळांतून पोचला. आजही तिथल्या शाळेत एक मूल उडी मारतं तेव्हा दुसरं मूल बाजूला हात तयार ठेवून उभं असतं. आपल्याकडे मल्लखांब शिकवणारे वस्ताद खांबाजवळ उभे राहतात ना, तसंच.

हळूहळू हा शब्द व्यायामशाळेतून बाहेर आला. ऑफिसात नव्या माणसाला काम शिकवताना, परक्या मुलखातून आलेल्याला अर्ज भरायला मदत करताना जर्मन माणूस हाच शब्द वापरतो. ‘अमक्याला हिल्फेश्टेलुंग देणे’ अशी त्याची रचना. आपल्या व्याकरणातली चतुर्थीच म्हणा! ‘ला’ प्रत्यय ज्याला लागतो, करणारा खरा तोच. आपण फक्त शेजारी उभ्या.

आता गंमत अशी की, मदतीसाठी त्यांच्याकडे आणखीही शब्द आहेत. ‘उंटर डी आर्मे ग्रायफेन’ म्हणजे शब्दशः कोणाच्या काखेखाली हात घालणं. अडचणीत कोसळलेल्या माणसाला सावरून धरणं, विशेषतः पैशाअडक्यानं, असा त्याचा अर्थ. आणि एक तिसरा शब्द आहे ‘झिशरहाइट्सश्टेलुंग’. म्हणता म्हणता धाप लागते! व्यायाम करणाऱ्याला स्पर्शही न करता, फक्त पडलाच तर झेलायला उभं राहणं म्हणजे तो. या तीन शब्दांच्या तीन पायऱ्या माझ्या मनात पक्क्या बसल्या. आधी सावरून धरायचं, मग हात जवळ ठेवायचा आणि शेवटी नुसतं उभं राहायचं. आपण बायका पहिल्या पायरीवर फार चांगल्या असतो, पण तिथेच मुक्काम ठोकतो.

कसं ते सांगते. त्याच मुक्कामात होळी आली. सूनबाई म्हणाल्या, ‘‘आई, पुरणपोळी मी करते, तुम्ही सांगा.’’ मी हो म्हटलं, पण पहिलीच पोळी कडेला फाटली आणि माझ्या तोंडून गेलं, ‘‘सरक बघू, मी करते.’’ लाटणं तिच्या हातून घेतलं. पोळ्या छान झाल्या. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. सूनबाई त्यानंतर आठ दिवस स्वयंपाकघरात आल्या त्या फक्त भांडी आवरायला. मला वाटलं, ऑफिसचं काम असेल. व्यायामशाळेतली ती फजिती झाली आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

पुढच्या रविवारी मी आपणहून म्हटलं, ‘‘पुन्हा करू या, आणि आज लाटणं तुझं.’’ ओट्याच्या कडेला उभी राहिले आणि दोन्ही हात चक्क पदरात गुंडाळून घेतले. खरं सांगते, गप्प बसण्यासारखं अवघड काम नाही! तिनं विचारलं तेवढंच सांगितलं. पुरण सैल वाटलं तर जरा परतून कोरडं कर, लाटताना हात हलका ठेव, मधे दाबू नकोस, कडेकडेनं फिरव. पहिली फाटली, दुसरी फाटली. तिसरी तव्यावर टम्म फुगली. ‘‘आई, बघा!’’ म्हणून ती ओरडली तेव्हा सूनबाई मला मुलीसारख्या वाटल्या. आज ती दर होळीला स्वतः करते आणि मला फोटो पाठवते. माझ्यापेक्षा तिची पोळी थोडी जाड असते, पण ती तिची असते.

तेव्हा ताई, तुमचं काय चुकलं? पहिल्या दिवसांत काहीच चुकलं नाही. घरावर आभाळ कोसळतं तेव्हा त्या बाईला ‘तूच बँकेत जा’ म्हणणं निर्दयपणाचं असतं. तेव्हा काखेखाली हात घालूनच उभं करावं लागतं आणि ते तुम्ही केलंत. किती जावा करतात हो एवढं? पण दोन वर्षं झाली. ती आता स्वतःच्या पायांवर उभी राहू पाहते आहे आणि तुमचे हात अजून तिच्या काखेत आहेत. ते तिला आता टोचतात. ती रागावली हे मी तर चांगलं लक्षण समजते. पासबुक मागायची इच्छा होणं म्हणजे तोल सांभाळत पहिलं पाऊल टाकणं.

आता काय करायचं ते क्रमानं सांगते. इतरजणींनीही लक्षात ठेवावं.

पहिली गोष्ट, पासबुक, कार्ड, चेकबुक आणि सगळ्या पावत्या एका पिशवीत घालून तिच्या घरी नेऊन द्या. ‘‘हे तुझं आहे, मी फक्त सांभाळलं,’’ एवढंच म्हणा. उपकाराचा पाढा वाचू नका आणि तिच्या बोलण्याचा उल्लेखही नको.

दुसरं, कार्डाचा पिन तिला बदलून घ्यायला सांगा आणि नवा पिन तुम्हालाही सांगू नको म्हणावं. फोनवर येणारा ओटीपी तर कोणालाच द्यायचा नाही, अगदी बँकेतून बोलतो म्हणणाऱ्यालासुद्धा नाही. हे ऐकून तुमचे यजमान कदाचित दुखावतील. त्यांना सांगा की हा अविश्वास नाही, घराला कुलूप असतं तसंच हे.

तिसरं, पहिल्या खेपेला तिच्याबरोबर बँकेत जा. मात्र तिच्या बाजूला उभ्या राहा, तिच्या आणि खिडकीच्या मधे नको. स्लिप तिला भरू दे. चुकली तर दुसरी घेता येते, स्लिपला पैसे पडत नाहीत! कारकुनानं तुमच्याकडे पाहून विचारलं तरी उत्तर देऊ नका, तिच्याकडे पाहा. खात्यावर वारस म्हणून कोणाचं नाव लावलं आहे, हे त्याच खेपेत तिनंच विचारावं. यजमान गेल्यावर बदलायचं राहून गेलेलं असतं, असं पुष्कळ घरांत मी पाहिलं आहे.

चौथं, दुसऱ्या खेपेला तुम्ही बाकावर बसा. तिसऱ्या खेपेला घरी राहा आणि फोन जवळ ठेवा. फोन आला नाही तर आनंद माना. ‘‘मला विचारलंसुद्धा नाही’’ असं मनात आणू नका. ही गोष्ट सगळ्यांत कठीण, मी अनुभवानं सांगते. आपल्यावाचून कोणाचं तरी अडतं यात आपल्यालाही एक सुख असतं. ते सोडताना हात मोकळे मोकळे वाटतात, काही दिवस करमतही नाही.

आणि घरच्या इतर बाबतीतही हेच पाहा. मुलाचं दप्तर आपण भरतो आणि मग तो विसराळू आहे म्हणून तक्रार करतो. त्याला रात्री स्वतः भरू द्या, आपण नुसतं ‘‘उद्या चित्रकला आहे ना रे?’’ एवढं विचारावं. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तर खुर्चीतून उठवताना त्यांना हाताला किंवा काखेला धरून ओढू नका. त्यानं त्यांचे खांदे दुखावतात आणि तुमची कंबर. त्यांना खुर्चीच्या कडेवर पुढे सरकू द्या, ऑपरेशन न झालेला पाय जरा मागे घेऊ द्या, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू द्या. आपण बाजूला उभं राहायचं. मात्र आधी व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरांना विचारून घ्या, प्रत्येकीचा गुडघा सारखा नसतो. वेळ लागेल, पण त्या स्वतः उठल्या याचं समाधान औषधाइतकंच गुणकारी असतं.

एक खबरदारी मात्र हवी. ‘तिचं तिनं करावं’ म्हणून अंग काढून घेणं म्हणजे आधार नव्हे. हात काढायचा तो हळूहळू, आणि नजर तर काढायचीच नाही. सायकल शिकताना मागचं कॅरिअर धरून कोणीतरी धावत होतं ना आपल्यामागे? त्यानं हात केव्हा सोडला ते आपल्याला कळलं नाही, पण धावणं त्यानं लगेच थांबवलं नव्हतं.

ताई, उद्याच पिशवी घेऊन जा. जाऊबाई काही बोलल्या नाहीत तरी चहाचं आधण ठेवतीलच. तेव्हा तुम्ही उठू नका, त्यांना करू द्या. साखर कुठे आहे हेही सांगू नका. घर त्यांचं आहे. पुढे काय झालं ते मात्र मला जरूर कळवा, मी वाट पाहते.

लोणच्याचं पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर बरण्या धुऊन उन्हात वाळवून ठेवा. आणि घरातल्या लेकीसुना मदतीला आल्या तर त्यांना कैऱ्या फोडू द्या. फोडी लहान-मोठ्या झाल्या म्हणून लोणचं बिघडत नाही.