फासा टाकू, की बोलू?

सीन असा आहे. रात्रीची वेळ, किल्ल्याचा दरवाजा, समोर पहारेकरी. तुम्हाला आत जायचंय. तलवार उपसली तर अख्खा किल्ला जागा होणार, म्हणजे रस्ता एकच, त्याला पटवणं. टेबलाभोवतीचे चौघं तुमच्याकडे बघतायत. आता खरंच डायलॉग मारायचे, की फासा टाकून मोकळं व्हायचं?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ किंवा तसला कुठलाही रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्या ग्रुपमध्ये हा वाद कधी ना कधी होतोच. (ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी: एक जण डन्जन मास्टर, म्हणजे डीएम. गोष्ट तो सांगतो आणि गोष्टीतली बाकी सगळी माणसंही तोच. उरलेले एकेक पात्र घेऊन आत शिरतात. जमेल की नाही अशी वेळ आली की वीस पैलूंचा फासा.)

भानगड गेमच्या जन्मापासूनची आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत हा गेम आणला तो वॉरगेम्समधून. त्यामुळे कोणी कोणाला किती लागलं याचे हिशोब भरपूर, बोलण्याचे जेमतेम. पात्राच्या सहा गुणांत ‘करिश्मा’ होता, समोरचा आपल्याशी कसा वागेल हे दोन फाशांवर काढायचा एक तक्ता होता. बाकी ज्याची जीभ त्याच्यापाशी! मग २००० मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि डिप्लोमसी, ब्लफ, इंटिमिडेट अशी वेगवेगळी कौशल्यं आकड्यांत बसली. २००३ च्या सुधारित नियमांत तर पक्क्या वैऱ्याला एका झटक्यात मदतीला धावणारा बनवायचा आकडाही छापलेला होता, ५०. वाचताना वाटतं, बापरे! पण पोरांनी बोनसांच्या बेरजा लावून अशी पात्रं बनवली, की राक्षस तोंड उघडायच्या आत दोस्त व्हायचा. दुसऱ्या टोकाला १९९१ चा ‘अँबर’. त्यात फासेच नाहीत.

ॲक्टिंगवाल्यांचं म्हणणं सोपं आहे. ‘मी त्याला पटवतो. सतरा. पटला? पुढे चला.’ याला काय गेम म्हणायचं? बरोबर आहे यार, ही तर बँकेतली एंट्री झाली. त्यात २०१५ पासून ‘क्रिटिकल रोल’ नावाचा शो आला. मुरलेले व्हॉइस ॲक्टर्स टेबलावर बसून खेळतात आणि आपण बघत बसतो. तेव्हापासून घरोघरच्या डीएमना टेन्शन, आपल्याला दहा आवाज काढता येत नाहीत!

पण मला एक सांगा. राक्षसासारखी ताकद असलेला बार्बेरियन खेळणाऱ्या मुलाला आपण कधी म्हणतो का, की आधी हा सोफा उचलून दाखव? मग गोडबोल्या शाहीर घेऊन बसलेल्या बुजऱ्या मुलीला ‘चल, बोलून दाखव’ का म्हणायचं? अनेकदा तिनं तो शाहीर घेतलेला असतो तो याचसाठी, की आठवड्यातून तीन तास तरी आपण बोलतो आणि लोक ऐकतात असं व्हावं.

आणि आपल्याकडे तर याला आणखी एक पीळ आहे. पुस्तकं इंग्रजीत, त्यामुळे टेबलावरची ॲक्टिंगही आपोआप इंग्रजीत सुरू होते. मराठी मीडियमचा पोरगा डोक्यानं कितीही तल्लख असू दे, राजदूत बनून ‘युअर मॅजेस्टी’च्या पुढे अडकला की संपलं. शेजारी कॉन्व्हेंटवाला असतो, त्याच्या पात्राचा करिश्मा ८, पण तो फाडफाड बोलतो आणि दरबार जिंकून जातो. म्हणजे गेम नेमका कोण खेळतंय, पात्र की शाळा? ऑफिसच्या मीटिंगमध्ये आठवडाभर जे होतं तेच रविवारी पुन्हा होणार असेल तर रविवार कशाला वाया घालवायचा!

म्हणून माझं मत फाशाच्या बाजूनं, एका अटीवर. काय बोलणार ते सांगायलाच हवं. कसं बोलणार ते फाशावर सोडा. ‘मी त्याला सांगतो, की तुझा पगार तीन महिने थकलाय हे आम्हाला माहितीये’ एवढं साध्या मराठीत म्हटलं तरी बास. त्याचं वजन डीएमनं धरावं.

हिशोबही तसाच बसतो. पाचव्या आवृत्तीच्या नियमांत मध्यम कठीण कामाला १५ लागतात. करिश्मा १८ आणि पटवण्याची तालीम असलेल्या नवख्या शाहिराला ६ मिळतात, म्हणजे फाशावर ९ पुरे, शक्यता ६० टक्के. करिश्मा ८ वाल्याला १६ हवेत, २५ टक्के. मुद्दा चांगला असेल तर डीएम ‘ॲडव्हांटेज’ देऊ शकतो, म्हणजे दोनदा टाका, मोठा घ्या. मग शाहीर ८४ टक्क्यांवर जातो आणि कॉन्व्हेंटवाला साधारण ४४ वर. चांगल्या मुद्द्याचा फायदा दोघांना, तरी पात्रांमधला फरक कायम.

आणखी एक फंडा. आधी फासा, मग ॲक्टिंग. भाषण ठोकून झाल्यावर फाशावर ३ पडला की सगळ्यांचाच मूड जातो. आधी ३ पडला तर तुम्हाला कळतं, की आता फजिती रंगवायचीय. राजाच्या बायकोचं नाव चुकवा, खोकला काढा. हरण्याची ॲक्टिंग बुजऱ्या लोकांनाही जमते, कारण त्यात चांगलं बोलायचं ओझंच नसतं.

बाकी उत्साही डीएम लोकांनी दर वाक्याला फासा मागू नये, प्लीज. सरायवाल्याकडे जेवण मागायला काय फासा टाकायचा? पैसे द्या आणि जेवा.