सिन्नरची गोळी आणि दानशूरपणाची दंतकथा

१/ दर १ डिसेंबरला एकच कथा नव्याने रंगवली जाते : २००१ साली सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी एचआयव्हीचे औषध दिवसाला एका डॉलरच्या आत आणले आणि आफ्रिका वाचली. कथा खोटी नाही, पण फार अर्धवट आहे. इतिहासाच्या वाचकाने तरी एका माणसाच्या औदार्यावर थांबू नये.

२/ पहिले औषध झिडोव्हुडिन. अमेरिकेत त्याला मार्च १९८७ मध्ये मान्यता मिळाली. एकटे दिले की विषाणू थोड्याच काळात त्याला दाद देईनासा होतो. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रुळली आणि मृत्यू झपाट्याने घटले; मात्र वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. सिप्लाने स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन हा संच ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, पुढे तिन्ही एकाच गोळीत आली.

३/ हे जमले कसे? या तीन औषधांचे हक्क पश्चिमेत वेगवेगळ्या कंपन्यांकडे होते. एक गोळी करायची तर सगळ्यांची संमती हवी. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर मक्तेदारी दिलीच नाही, दिली ती फक्त ते बनवण्याच्या प्रक्रियेवर. त्यामागे न्या. राजगोपाल अय्यंगार यांचा १९५९ चा अहवाल होता. पुतळा उभारायचाच तर त्या रुक्ष अहवालाचा उभारा!

४/ आणि स्वस्त म्हणजे समान नव्हे. स्टॅव्हुडिनने हातापायांची आग होई, गालांतली चरबी झडे. जो आजार रुग्ण जिवापाड लपवत होता, तो औषधच चेहऱ्यावर लिहून ठेवी. श्रीमंत देश ते सोडत असताना गरीब देशांत तेच पहिले औषध होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सांगितले; आपल्याकडे त्यानंतरही काही काळ ते चाललेच. गौरवगाथेत हे पान सापडत नाही.

५/ दुसरे गाळलेले पान : भारतात सरकारी मोफत उपचार सुरू झाले ते १ एप्रिल २००४ रोजी, आठ रुग्णालयांत. मुंबईचे जे. जे. त्यांपैकी एक. तोवर जगाला गोळ्या पुरवणाऱ्या देशातला बहुतेक रुग्ण पदरचे पैसे मोजत होता, किंवा मरत होता.

६/ नाशिककरांनो, हा इतिहास तुमच्या अंगणातला आहे. सिन्नरजवळच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत मॅट्रिक्सच्या, पुढे मायलनच्या कारखान्यात एचआयव्हीच्या गोळ्या तयार होऊन परदेशी गेल्या. इकडे अंबडला ग्लॅक्सोचा कारखाना. २००५ पासून औषधांवर पेटंट मिळू लागले, तेव्हा याच ग्लॅक्सोने झिडोव्हुडिन-लॅमिव्हुडिनच्या जोडगोळीवर हक्क मागितला होता. त्याला आव्हान दिले ते एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनांनी. २००६ मध्ये कंपनीने अर्ज मागे घेतला. २००९ मध्ये टेनोफोव्हिरचे पेटंटही नाकारले गेले. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही आजची गोळी दिवसातून एकदाच घ्यायची असते आणि स्टॅव्हुडिनच्या तुलनेत कितीतरी सुसह्य आहे. ती स्वस्त राहिली, त्यात या अर्जदारांचा वाटा किती, हे कोणी विचारीत नाही.

७/ प्रतिबंधाचीही तीच गत. पुण्याची ‘नारी’ ही संस्था ज्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सहभागी होती, तिने २०११ मध्ये दाखवून दिले की लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो. संसर्गापूर्वीच घ्यायच्या गोळीला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. रोज न चुकता घेणे हीच तिची अडचण. सहा महिन्यांतून एकदा टोचायचे लेनाकापाव्हिर २०२५ मध्ये आले. तिथे त्याची किंमत वर्षाला २८ हजार डॉलर; भारतीय कंपन्यांनी २०२७ पासून ४० डॉलरचा भाव जाहीर केला आहे.

८/ पुन्हा टाळ्या वाजतील. पण या वेळी भारतीय कंपन्या बनवणार त्या गिलियडच्या परवानगीने, तिने ठरवलेल्या १२० देशांसाठी. ब्राझीलने या औषधाच्या चाचणीसाठी स्वयंसेवक दिले. त्या यादीत ब्राझील नाही.