३५ डॉलरची जागेवरची सायकल



आपल्या पॉटलकमध्ये पूर्वी दोन विषय हमखास निघत: ग्रीन कार्ड आणि घरांच्या किमती. आता आपण पन्नाशीला टेकलो तसा तिसरा विषय आला आहे. पुरणपोळीवर तूप घेता घेता एकजण आपले कोलेस्टेरॉल सांगतो, दुसरा साखरेचा आकडा सांगतो, आणि मग "तू काय व्यायाम करतेस?" असा प्रश्न येतो. मी सायकलिंगच्या क्लासला जाते म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला: "केवढ्याला पडतो?" आकडा सांगितला की टेबलाभोवती शांतता पसरते. कोणीतरी मनातल्या मनात रुपयांत गुणाकार करत असल्याचे चेहऱ्यावर स्पष्ट दिसते.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बंद खोलीत ४५ मिनिटे एका जागी सायकल मारण्यासाठी ३५ डॉलर देणे हे निव्वळ श्रीमंती चोचले आहेत, की त्यात आपण घेण्यासारखे काही आहे? गेली तीन वर्षे मी न्यू जर्सीतल्या अशा एका स्टुडिओत आठवड्यातून दोनदा जाते. तेवढा अनुभव आणि थोडेफार वाचन यांवरून झालेले माझे मत आपल्यापुढे मांडते.

जागेवरची सायकल काही नवी नाही. दक्षिण आफ्रिकेतून कॅलिफोर्नियात आलेल्या जॉनी गोल्डबर्ग या सायकलपटूने १९८० च्या दशकाच्या अखेरीस संगीताच्या तालावर, समूहाने सायकल मारण्याचा प्रकार सुरू केला. 'स्पिनिंग' हे नाव आपण सरसकट वापरतो, पण तो नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. नव्वदच्या दशकात बहुतेक जिममध्ये हे वर्ग मासिक वर्गणीतच मिळत. फरक पडला २००६ मध्ये. मॅनहॅटनच्या वेस्ट ७२ व्या रस्त्यावर सोलसायकल सुरू झाली आणि तिने वर्गणी न घेता एकेक वर्ग नाटकाच्या तिकिटासारखा विकायला सुरुवात केली. अंधारी खोली, मेणबत्त्या, कानठळ्या बसवणारे संगीत आणि पुढे उंचावर बसलेला प्रशिक्षक. तिच्या संस्थापकांपैकी रूथ झुकरमन बाहेर पडल्या आणि २०१० मध्ये फ्लायव्हील ही दुसरी साखळी उभी राहिली. तिथे समोरच्या फलकावर कोण कितवा आहे हेही दिसे. मग गावोगाव लहान स्टुडिओ निघाले. माझा त्यांपैकीच एक.

आधी फायदे. सायकलिंगमध्ये गुडघ्यांवर आदळआपट नसते, त्यामुळे धावणे ज्यांना झेपत नाही त्यांनाही ते जमते. दम लागतो, हृदयाला काम पडते. प्रौढांनी आठवड्याला मध्यम श्रमाचा व्यायाम किमान १५० मिनिटे किंवा जोरकस व्यायाम किमान ७५ मिनिटे करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ४५ मिनिटांचे दोन वर्ग केले की जोरकस व्यायामाची ही मर्यादा ओलांडली जाते.

आपल्यासाठी हा हिशोब अधिक महत्त्वाचा आहे. दक्षिण आशियाई माणसाला मधुमेह आणि हृदयविकार तुलनेने लवकर आणि कमी वजनावर गाठतात. पोटाभोवतीची चरबी बारीक दिसणाऱ्या माणसातही असते. म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ मध्ये आशियाई वंशाच्या लोकांची मधुमेहासाठी तपासणी बीएमआय २५ ऐवजी २३ पासूनच करावी अशी शिफारस केली. अमेरिकेतील दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयरोगाचा शोध घेणारा 'मसाला' नावाचा अभ्यास २०१० पासून सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर आणि शिकागो येथे चालू आहे. अभ्यासाचे नाव ऐकून आपण हसतो, पण आपल्यापैकी प्रत्येकाला पंचेचाळिशीत अचानक गेलेला एखादा मित्र आठवतो. त्याच्या घरी आपण कॅसरोल आणि कढी घेऊन गेलो आहोत. मी क्लासला जाऊ लागले तेही माझा ए१सी ६.१ आल्यावर. आता तो ५.६ आहे. सगळे श्रेय सायकलला देत नाही. ताटातला भातही निम्मा झाला आहे.

आमच्या ग्रुपमधले एक ज्येष्ठ स्नेही मला नेहमी म्हणतात, "अगं, त्यापेक्षा रोज बारा सूर्यनमस्कार घाल. फुकट." सल्ला उत्तम आहे. पण हा सल्ला आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तो रोज पाळणारे किती? व्यायाम फुकट असल्याने माणूस तो करतो असे नाही. तसे असते तर घरात आणलेल्या व्यायामाच्या सायकलींवर टॉवेल वाळत पडले नसते.

मग क्लासला माणूस का जातो? माझ्या मते उत्तर सायकलमध्ये नाही. वेळ ठरलेली असते: मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सहा. जागा आधी राखून ठेवावी लागते आणि बारा तासांच्या आत रद्द केली तर पैसे जातात. शेजारच्या सायकलवरची बाई मी एक दिवस गेले नाही तर "कुठे होतीस?" असे विचारते. दिवसभर आपल्याला नोकरी, मुले, भारतातल्या आईवडिलांचे फोन, सगळीकडे निर्णय घ्यावे लागतात. इथे ४५ मिनिटे कोणीतरी सांगते आणि आपण करतो. ठरलेली वेळ, वाट पाहणारे कोणी आणि चालवणारे कोणी, या तीन गोष्टींचे आपण ३५ डॉलर मोजतो. भारतात सकाळी बागेत जमणाऱ्या आपल्या काकामावशांना या तिन्ही गोष्टी विनामूल्य मिळत. इकडे येताना आपण पदव्या आणल्या, मसाले आणले, पण ती सोबत तिकडेच राहिली. तिची जागा आता बाजाराने भरली आहे.

आता तोटे, आणि तेही स्पष्ट सांगितले पाहिजेत. पहिला धोका नवख्याला आहे. पहिला वर्ग बहुतेक ठिकाणी फुकट किंवा स्वस्त असतो. व्यायामाची सवय नसलेला माणूस पैसे वाचले म्हणून खूश असतो आणि इतरांच्या बरोबरीने जीव तोडून पेडल मारतो. मांडीचे स्नायू हे शरीरातल्या सर्वांत मोठ्या स्नायूंपैकी. अतिश्रमाने ते तुटू लागले की त्यांतले द्रव्य रक्तात मिसळून मूत्रपिंडांना इजा करू शकते. या विकाराला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. न्यूयॉर्कजवळच्या वेस्टचेस्टरमधील डॉक्टरांनी २०१७ मध्ये अशा तीन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि आपल्या लेखाच्या शीर्षकात 'फ्रीबी' हा शब्द मुद्दाम वापरला. म्हणून पहिल्या दिवशी हळू जा, मधून मधून थांबा, पाणी प्या. दुसऱ्या दिवशी मांड्या असह्य दुखल्या, सुजल्या आणि लघवी कोकसारखी काळपट झाली, तर घरी हळद-दूध घेत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा.

दुसरा धोका कानांना. बोस्टनच्या संशोधकांनी अशा वर्गांतला आवाज मोजला तेव्हा सरासरी १०० डेसिबलच्या आसपास आली. कामगारांच्या सुरक्षिततेसाठीच्या निऑश या सरकारी संस्थेच्या शिफारशीनुसार एवढ्या आवाजात दिवसाकाठी १५ मिनिटांपेक्षा जास्त राहू नये. कारखान्यात असा आवाज असता तर आपण युनियनच्या बाजूने उभे राहिलो असतो. इथे पैसे देऊन तो ऐकतो. मी कानात बोळे घालून बसते, आपणही घाला.

तिसरी गोष्ट आम्हा बायकांसाठी. सायकलवर शरीराचे वजन सीटवर असते, त्यामुळे हाडांवर हवा तसा भार पडत नाही. पाळी जाण्याच्या वयात हाडे ठिसूळ होऊ लागतात. तेव्हा चालणे आणि वजने उचलणे यांना पर्याय नाही. सायकलवर बसून हलवलेली दोन पौंडांची वजने त्यात धरू नयेत.

चौथी गोष्ट विवेकाची. दिवे मालवले की प्रशिक्षक सांगू लागतो, डोळे मिटा, घामातून शरीरातली विषे बाहेर टाका, नकारात्मक ऊर्जा सोडून द्या. बुवांच्या प्रवचनाला नाके मुरडणारे आपण इथे माना डोलावतो. शरीरातली नको असलेली द्रव्ये बाहेर काढण्याचे काम मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडे करतात. घाम अंग थंड करतो, तेवढे त्याचे काम पुष्कळ आहे.

परंतु माझा मुख्य आक्षेप यांपैकी कशावरही नाही. तो आहे दाराबाहेर राहणाऱ्यांबद्दल. माझ्या वर्गात वकील, डॉक्टर, बँकेतल्या बायका आणि माझ्यासारख्या आयटीवाल्या असतात. त्यांची मुले सांभाळणाऱ्या बायका तिथे दिसत नाहीत. आपल्यातलीच एच-४ व्हिसावर घरी असलेली मैत्रीण, स्टायपेंडवर जगणारा विद्यार्थी, सहा महिन्यांसाठी आलेले आणि हिवाळ्यात खिडकीशी बसून राहणारे आईवडील, हेही दिसत नाहीत. आठवड्याला दोन वर्ग म्हणजे वर्षाला साडेतीन हजार डॉलरच्या वर खर्च. मधुमेह मात्र पगार पाहून येत नाही.

नदीपलीकडच्या न्यूयॉर्कमध्ये दुसरीही एक सायकल आहे. घरोघर जेवण पोचवणारे, बहुतांशी स्थलांतरित कामगार ती चालवतात, हल्ली बरेचदा विजेवरची. आपण घाम गाळायला पैसे देतो, ते घाम गाळून पैसे मिळवतात. ज्या हॉटेलातून डबा उचलायचा तिथले शौचालय वापरता यावे, यासाठी त्यांना संघटना करून लढावे लागले. २०२१ मध्ये नगर परिषदेने तो कायदा केला. किमान वेतनाचा नियम २०२३ च्या अखेरीस लागू झाला. सायकल आरोग्याची की पोटाची, हे शेवटी ती कोण चालवतो यावर ठरते. आपण पुरोगामी म्हणवतो, तर दोन्ही सायकली एकदम डोळ्यांसमोर असाव्यात.

आणखी एक. हे स्टुडिओ स्वतःला 'कम्युनिटी' म्हणवतात. पण ज्या समूहात आपल्याला मत नाही तो कसला समूह? ऑगस्ट २०१९ मध्ये सोलसायकलची मालकी असलेल्या उद्योगसमूहाचे प्रमुख स्टीफन रॉस यांनी हॅम्पटन्समध्ये ट्रम्प यांच्यासाठी निधी गोळा करण्याचा कार्यक्रम केला. ते केवळ निष्क्रिय गुंतवणूकदार आहेत असा खुलासा कंपनीने केला. अनेक ग्राहकांनी बहिष्कार टाकला, कारण सोडून जाणे एवढाच अधिकार त्यांच्या हाती होता. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, फ्लायव्हील दिवाळखोरीत गेली. २०२२ मध्ये सोलसायकलने सुमारे एक चतुर्थांश स्टुडिओ बंद केले. भाडे परवडेनासे झाले की कम्युनिटीला कुलूप लागते. आपल्या महाराष्ट्र मंडळाला आपण कितीही नावे ठेवली, तरी तिथे वार्षिक सभा असते आणि तिथे उभे राहून भांडता येते.

म्हणून माझे म्हणणे असे. ज्याला परवडते त्याने क्लासला जरूर जावे, अपराधी वाटून घेऊ नये. पण ठरलेली वेळ, सोबत आणि शिकवणारा या तीन गोष्टी आपण ३५ डॉलरशिवायही उभ्या करू शकतो. याला आधार आहे. अमेरिकेत झालेल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम, मुख्यतः चालणे, आणि थोडी वजनघट एवढ्यावर मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. पुढे तोच कार्यक्रम वायएमसीएने गटागटाने, कमी खर्चात चालवला. वायएमसीएत सायकलिंगचे वर्गही असतात, आणि उत्पन्न कमी असेल तर वर्गणीत सवलत मिळते. आपल्यापैकी अनेकांच्या कंपन्या व्यायामासाठी पैसे परत देतात, ते पैसे तिथेही वळवता येतील.

माझी सूचना साधी आहे. दर रविवारी आपण मुलांना मराठी शाळेत सोडतो आणि दीड तास कॅफेटेरियात चहा घेत, फोनवर बोटे फिरवत बसतो. तो दीड तास म्हणजे ९० मिनिटे. आठवड्याच्या १५० मिनिटांपैकी निम्म्याहून जास्त. वेळ ठरलेली आहे, माणसे ओळखीची आहेत, भाषा आपली आहे, आजीआजोबाही बरोबर आलेले असतात. फक्त उठून शाळेच्या आवाराला फेऱ्या मारायच्या आहेत. हिवाळ्यात आतले कॉरिडॉर आहेतच. दोघातिघांनी आळीपाळीने पुढाकार घ्यायचा आणि जो आला नाही त्याला संध्याकाळी फोन करायचा: "काय रे, आज कुठे होतास?" मंडळाच्या कार्यकारिणीने गणपतीच्या बजेटमधले दोनशे डॉलर बाजूला काढले तर रक्तदाब मोजण्याची दोन यंत्रे येतील.

आमच्या शाळेत येत्या सत्रापासून हे सुरू करण्याचे आम्ही सात जणांनी ठरवले आहे. आपल्या गावी असे काही चालू असेल, किंवा करून पाहिल्यावर बंद पडले असेल, तर का पडले ते अवश्य कळवा. चालू असलेल्यापेक्षा बंद पडलेल्याची हकिकत आम्हाला अधिक उपयोगी पडेल.