हाड जुळले, पण पाय आखूड राहिला

खुब्याचे हाड मोडल्यावर तीन-चार महिन्यांनी एक्स-रे निघतो, केसपेपरवर ‘हाड जुळले’ असा शेरा पडतो आणि घरचे मोकळा श्वास घेतात. हाड सरळ जुळले की वाकडे, पाय किती आखूड झाला, हे त्या शेऱ्यात नसते. आजी लंगडत चालतात, पाऊल बाहेर वळलेले असते आणि ‘या वयात एवढे चालायचेच’ म्हणून विषय संपतो. खरे तर रुग्णाला डॉक्टरची दुसऱ्यांदा गरज लागते ती इथून पुढे.

खुबा दोन जागी मोडतो. गोळ्याखालची मान मोडली तर रक्तपुरवठा तुटतो आणि हाड अनेकदा जुळतच नाही. त्याच्या जरा खाली, मोठे स्नायू चिकटतात त्या भागात मोडले तर रक्त भरपूर असल्याने हाड जवळपास नेहमीच जुळते, अगदी उपचार न करताही. गोम इथेच आहे. स्नायू हाडाचा खालचा भाग वर खेचतात, पाऊल बाहेर फिरते, मान आणि दांडा यांच्यातला साधारण १३० अंशांचा कोन कमी होतो आणि हाड तसेच पक्के होते. ‘मुका मार आहे’ म्हणून तेल चोळत घरी काढलेले आठवडे किंवा हृदयाच्या आजारामुळे टळलेली शस्त्रक्रिया, ही त्याची नेहमीची कारणे. शस्त्रक्रिया झालेलेही सुटत नाहीत. ठिसूळ हाडात स्क्रू सरकतो आणि बसवलेले हाड पुन्हा कलते. हे बहुधा पहिल्या दीड ते तीन महिन्यांत घडते. म्हणून सहाव्या आठवड्याची फेरतपासणी सर्वांत मोलाची. जांघेत नव्याने दुखू लागले किंवा पाय आणखी आखूड वाटला तर त्या तारखेचीही वाट पाहू नये. वाकडे हाड एकदा पक्के झाले की ते कापून कोन सुधारावा लागतो. अपघातात सापडलेल्या तरुणासाठी ते योग्य ठरते. पंच्याहत्तरीच्या रुग्णासाठी तो निर्णय सोपा नसतो.

शस्त्रक्रिया नको म्हणजे काहीच नको, असे मात्र नाही. कोन बिघडला की कुल्ल्याच्या स्नायूंना पुरेसा जोर लावता येत नाही. प्रत्येक पावलाला कंबर एका बाजूला झुकते आणि काही महिन्यांत पाठ व गुडघा दुखू लागतो. यावरचे उपाय साधे आहेत. आधी मोजपट्टीने दोन्ही पाय मोजायचे. फरक एक सेंटिमीटरच्या आत असेल तर सहसा काही करावे लागत नाही. त्याहून जास्त असेल तर चपलेचा तळ उंच करून घ्यायचा, तोही टप्प्याटप्प्याने. सगळा फरक एकदम भरला तर कंबर जास्त दुखते. कुशीवर झोपून वरचा, म्हणजे दुखरा, पाय सरळ उचलण्याचा व्यायाम रोज हवा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. बाह्यरुग्ण विभागात येणारे कितीतरी जण ती नेमकी उलट हातात धरून येतात, कारण कोणी सांगितलेलेच नसते.

दुसरा धोका पुन्हा पडण्याचा. लंगडणारा माणूस अधिक पडतो आणि त्याची हाडे ठिसूळ असतातच. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रोनिक अॅसिडचे वर्षातून एकदा द्यायचे इंजेक्शन सुरू केले, तर नवी हाडे मोडण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी आणि मृत्यूचे २८ टक्क्यांनी घटले, हे २००७ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसले. मूत्रपिंडाची तपासणी करून आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढूनच ते द्यावे लागते. तरीही मोडलेल्या हाडावर खर्च होतो आणि ठिसूळपणाचे औषध चिठ्ठीवर येतच नाही, असे फार वेळा घडते.

पनवेलसारख्या ठिकाणी फेरतपासणी चुकते ती बेफिकिरीमुळेच असे नाही. प्रबळगडाच्या पायथ्याच्या वाडीतून लंगडत्या माणसाला रस्त्यापर्यंत आणायचे म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडते. नवीन पनवेल, कळंबोलीत लिफ्ट नसलेल्या सिडकोच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी बाई महिनोन् महिने खाली उतरत नाही. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी जे.जे. गाठायचे तर हार्बरची लोकल सँडहर्स्ट रोडपर्यंत थेट जाते, पण आखूड पायाने त्या गर्दीत चढणार कोण? ७५ वर्षांवरील नागरिकांना २०२२ पासून एसटी मोफत आहे. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचारही ऑगस्ट २०२३ पासून मोफत झाले. पैशांची अडचण थोडी हलली. अंतराची आहे तिथेच आहे.

ब्रिटनमध्ये २००७ पासून खुबा मोडलेल्या रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही आहे. तीत १२० व्या दिवसाची चौकशीही असते: रुग्ण कुठे राहतो, कसा चालतो, हाडांचे औषध घेतो का. यासाठी यंत्रसामग्री लागत नाही. एक वही, एक फोन आणि ते काम नेमून दिलेला माणूस पुरतो. आपल्या उपजिल्हा रुग्णालयांत हे आजही जमू शकते. घरी सोडताना सहा आठवडे, तीन महिने आणि एक वर्ष अशा तिन्ही तारखा डिस्चार्ज कार्डावर लिहून द्याव्यात. जो आला नाही त्याची यादी त्या भागातल्या आशाताईंकडे जावी. पायांची लांबी आणि काठीचा हात त्या घरी जाऊन पाहू शकतात. तेवढे प्रशिक्षण एका दुपारी होते. कायमचे व्यंग राहिले असेल तर प्रमाणपत्रासाठी त्याच भेटीत पाठवावे. २०१६ च्या कायद्यानुसार बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते, आणि ते मोजून मिळते हेच अनेक घरांना ठाऊक नसते.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी जुने आणि नवे दोन्ही एक्स-रे घेऊन अस्थिरोग विभागात जावे आणि नेमके विचारावे: पाय किती सेंटिमीटर आखूड आहे, स्क्रू जागेवर आहे का, हाडांचे औषध कधी सुरू करायचे? उत्तरे केसपेपरवर लिहून घ्यावीत.